सामाईक डब्याची कैफियत

मी डबा बोलतोय. गोड बोलण्याची सवय नाही. ऐकायचं असेल तर ऐका.

डबा म्हणजे शिधा ठेवायचा नव्हे. हातभर लांब, चार बोटं रुंद, पत्र्याचं अंग, समोर आठ भोकं आणि प्रत्येक भोकावर एक हिरवा दिवा. कॉम्प्युटरच्या तारा त्या भोकांत खुपसतात आणि सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागतात. शिकलेले लोक मला हब म्हणतात. मोरबीच्या कारखान्यात मला सगळे डबाच म्हणायचे, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

माझं काम अडाण्यालाही कळेल असं आहे. एका भोकातून जे आत येतं ते मी उरलेल्या सातही भोकांतून बाहेर टाकतो. कुणासाठी आहे, कुणासाठी नाही, हे बघत नाही. ज्याचं असेल त्याने घ्यावं, बाकीच्यांनी कान मिटावेत, असा रिवाज. गावात दवंडी पिटणारा असतो, तसाच मी. माझ्या पोटात गुपित राहत नाही. हे मी कधी लपवलं नाही. माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. खोकं पहिल्याच दिवशी चुलीत गेलं, त्याला मी काय करू?

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. आई-बाप ठाऊक नाहीत. पहिली आठवण आहे ती राजकोटच्या दुकानाची. तिथे मला घ्यायला दोघे भाऊ आले. थोरला जसमतभाई, धाकटा कांती. मोटरसायकलवरून परत येताना धाकट्याने मला मांडीवर घेतलं होतं. वाटेत टंकाऱ्याला दोघे गाठिया खायला थांबले, तेव्हासुद्धा त्याने मला बाकावर टेकवलं नाही, काखेत धरूनच खाल्लं. थोरला म्हणाला, अरे ठेव त्याला खाली, पळून जाणार आहे का तो? कांती म्हणाला, पडला तर मोटाभाई? हे मी मुद्दाम सांगतोय. विसरू नका.

कारखाना टाइलचा. मोरबीत दुसरं आहे काय. माती दळायची, दाबायची, वर कॉम्प्युटरवरचं चित्र छापायचं आणि भट्टीतून काढायचं. संगमरवर पाहिजे तर संगमरवर, लाकूड पाहिजे तर लाकूड. टाइलला किंमत मातीची नसते, चित्राची असते. माती सगळ्यांची सारखीच. आणि चित्र चोरणं हा तिथला दुसरा धंदा. सकाळी एकाच्या भट्टीतून निघालेली टाइल संध्याकाळी दुसऱ्याच्या खोलीत स्कॅनरच्या काचेवर पालथी पडलेली असते.

मला चित्रांच्या खोलीत भिंतीवर ठोकलं. दोन खिळे, वर छोटी फळी. मातीची पांढरी धूळ तिथे दारं लावली तरी येते. वर्षभरात माझं काळं अंग पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखं झालं.

मग त्यांचा बाप गेला. वालजीबापा. बाप होता तोवर दोघे भाऊ एका ताटात जेवत. तेरावं झालं आणि वर्षाच्या आत वाटणी आली. भांडणाने नाही आली. बायकांनी आणली असं जसमतभाई म्हणायचा. बायका म्हणायच्या पुरुषांनी आणली. आम्हाला काय, भिंत बांधली गेली. भट्ट्या दोन होत्या, एकेक झाली. मातीचे ढीग फावड्याने मोजले. बापाचा झोपाळासुद्धा एका घरी आणि त्याच्या कड्या दुसऱ्या घरी गेल्या.

पण त्यांच्या घराण्यात एक रीत होती. वाटणीत एक वस्तू सामाईक ठेवायची. ती वाटायची नाही, तोडायची नाही, बदलायची तर दोघांनी मिळून. वालजीबापा आणि त्याच्या भावाने विहीर ठेवली होती. तिचं पाणी कुणी मोजलं नाही. ती विहीर पुढे भट्टीखाली बुजली. मग या दोघांनी सामाईक ठेवायचं काय?

कांतीने माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, मोटाभाई, इंटरनेट तुमच्याकडे येतं, मला पण लागेल. हा डबा राहू दे सामाईक.

जसमतभाईचे डोळे भरून आले. भिंतीला भोक पाडलं, भोकातून एक निळी तार कांतीच्या बाजूला गेली. आठव्या भोकात तिचं टोक बसलं. त्या दिवाळीपासून दोघे भाऊ यायचे आणि मला कुंकवाचं एकेक बोट लावायचे. थोरल्याचं डावीकडे, धाकट्याचं उजवीकडे. मी पत्र्याचा खरा, पण मला ते आवडायचं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना जोडणारी वस्तू एकच उरली होती, आणि ती मी होतो.

दक्षा आली ती यानंतर.

वांकानेरकडच्या खेड्यातली मुलगी, बाप देवळाची झाडलोट करणारा. रोज पहिल्या बसने यायची, डब्यात थेपले आणि लसणाची चटणी. तिच्या हातात जादू होती, हे मी म्हणतोय, आणि मी कुणाची स्तुती करत नाही. बाकीचे इटलीच्या दगडांचे फोटो उचलायचे. ही गावातल्या आटलेल्या तळ्यावर गेली, भेगाळलेल्या गाळाचे शेकडो फोटो काढून आणले आणि तीन महिने बसून त्यातून एक टाइल काढली. मातकट, त्यावर राखी रेघा, आणि बघावं तर पायाखाली पाणी होतं आणि आता नाही असं वाटावं. नाव ठेवलं 'तळाव'.

दुसरं एक कसब तिचं. जसमतभाईची भट्टी म्हातारी झाली होती. डाव्या कडेचे बर्नर नीट जळत नसत, त्यामुळे टाइलची डावी कड फिकी निघायची. दक्षा चित्रातच डावी कड आधी गडद करून ठेवायची. भट्टी जितकं फिकं करी तितकं ती आधीच वाढवून देई, आणि बाहेर येणारी टाइल एकसारखी निघे. जसमतभाई म्हणायचा, आमच्या म्हातारीचं दुखणं या पोरीला बरोबर कळतं.

एकदा वीज गेली-आली, गेली-आली, आणि तिचा कॉम्प्युटर जळाला. सहा आठवड्यांची चित्रं गेली. जसमतभाईने तेव्हा एक जुनं यंत्र आणून कोपऱ्यात बसवलं आणि त्याचं नाव ठेवलं कोठार. रोजची चित्रं रोज कोठारात उतरवायची, एक नक्कल राखीव. रात्री विजेचा भरवसा नाही, म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत. आणि उतरवायची कशातून? माझ्यातून.

कोठार जोडायला एक कॉम्प्युटरवाला आला, त्याने विचारलं, कुलूप लावून पाठवायचं की उघडं?

त्याला एन्क्रिप्शन की काय म्हणतात. दक्षा कुलूपच म्हणायची. तिने ठामपणे सांगितलं, कुलूप लावा. मग तिने सगळ्या तारांवरून बोट फिरवलं. निळ्या तारेपाशी थांबली आणि विचारलं, काका, ही कुठे जाते?

जसमतभाई म्हणाला, "ती घरचीच आहे."

मुलीने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर ही कैफियत मला सांगावी लागली नसती.

कुलुपाचे ते पाच महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. चित्र कॉम्प्युटरमधून निघतानाच त्याचा चुरा व्हायचा, आणि माझ्यातून जायची ती नुसती वाळू. मला काही कळायचं नाही. मी वाळू सातही भोकांतून उडवायचो. कोठाराकडे किल्ली होती, ते वाळूचं पुन्हा चित्र करायचं. बाकी कुणाच्या हाती वाळू लागली तर लागो. दवंडीवाल्याला परक्या भाषेत दवंडी द्यायला लावली तर त्याच्याकडून गुपित फुटेल कसं? मी आयुष्यात पहिल्यांदा विश्वासाचा झालो, तो त्या कुलुपामुळे.

पण कोठार जुनं, त्याचं डोकं मंद. कुलूप उघडता उघडता ते हाशहुश करायचं. एक वाजता सुरू केलेलं काम चार वाजता संपायचं, आणि तोवर सगळे कॉम्प्युटर चिखलात अडकल्यासारखे. छपाईवाल्याला चित्र मिळायला उशीर. आणि भट्टी थांबत नाही, महाराज. भट्टी पेटलेली ती पेटलेली, तिच्यात टाइल जात नसेल तर ती नुसतं पैशाचं तेल जाळते. दोन वेळा भट्टी रिकामी चालली. तिसऱ्या वेळी जसमतभाई चित्रांच्या खोलीत आला आणि उभ्याउभ्या म्हणाला, ते कुलूप काढा.

कॉम्प्युटरवाल्याने आणखी एक रस्ता दाखवला. म्हणाला, शेठ, कोठार नवं घ्या. नाहीतर निदान हा डबा बदला. आता नवे डबे येतात, ज्याचं त्यालाच देतात, बाकीच्यांना ऐकू जात नाही.

मला राग आला, पण तो खरं बोलत होता.

जसमतभाई म्हणाला, डबा सामाईक आहे, कांतीला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. कांतीला विचारलं. कांतीने भिंतीपलीकडून निरोप धाडला, बापाच्या रितीची वस्तू आहे, चालतंय तोवर चालू द्या.

दक्षा हात पुसत उठली. थेपला अर्धा राहिला होता. तिने सांगितलं की कोठार नवं येईपर्यंत मी स्वतः सुट्टीत बसेन, थोडं थोडं उतरवेन, पण उघडं पाठवू नका. भिंतीतून जाणारी गोष्ट कोण ऐकतं ते दिसत नाही.

जसमतभाई हसला. त्याला ती मुलगी आवडायची, म्हणूनच हसला. म्हणाला, "बेटा, दाराला कुलूप लावतो माणूस. घरातल्या घरात कुणी कुलूप लावतं का?"

कुलूप निघालं. दुसऱ्या दिवशी एक वाजता सुरू झालेलं काम दोनला संपलं. सगळे खूश. कॉम्प्युटरवाला चहा पिऊन गेला.

आणि मला चित्रं दिसायला लागली. तळाव माझ्यातून गेला. उघडा, एकेक भेग दिसत होती, गडद केलेली डावी कडसुद्धा. मी रितीप्रमाणे सातही भोकांना दिला. निळ्या तारेतही दिला. पलीकडे कुणी ऐकतंय का, हे मला कळत नाही. बोलणाऱ्याचा आवाज येतो, ऐकणाऱ्याचा येत नाही. निळ्या तारेवर जे आठव्या भोकाचं हिरवं लुकलुकणं होतं ते पूर्वीसारखंच होतं. मला शंका आली नाही. त्या बाजूला कांती होता, मला काखेत धरून गाठिया खाणारा.

दोन महिन्यांनी एक व्यापारी आला. त्याने पिशवीतून एक टाइल काढून जसमतभाईसमोर ठेवली आणि विचारलं, शेठ, तुमचा तळाव दुसरा कुणी तुमच्याआधी कसा विकतो? टाइल कोऱ्या खोक्यातली, खोक्यावर कारखान्याचं नाव नाही. जसमतभाईचा तळाव अजून बाजारात जायचा होता. नमुन्यापुरत्या चाळीस टाइल निघाल्या होत्या, त्या या व्यापाऱ्याला दाखवून पुन्हा कपाटात बंद.

दक्षाला बोलावलं. ती टाइल हातात घेऊन खिडकीपाशी गेली. उलटसुलट बघितली. आणि मग तिने जे खरं होतं ते सांगितलं.

म्हणाली, काका, ही टाइलवरून उतरवलेली नाही. आपल्या कपाटातल्या टाइलची डावी कड सारखी आहे. हिची गडद आहे. म्हणजे कुणाच्या तरी हाती आपली फाइलच लागली, आणि त्याने ती स्वतःच्या चांगल्या भट्टीत भाजली.

जसमतभाईने विचारलं, फाइल कुणाकुणाकडे असते?

माझ्याकडे, ती म्हणाली, आणि कोठारात. छपाईला मी पेनड्राइव्हवर नेते आणि छापून झाली की पुसते.

तो कोठाराकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "कोठाराला पाय नसतात, दक्षा."

ती गप्प राहिली असती, डावी कड तिने दाखवली नसती, तर चोरी कुणा परक्यावर गेली असती. स्कॅनरच्या काचेवर कुणीतरी टाइल ठेवली, म्हणून मोरबीत रोज होतं तसंच झालं असतं. पण तिने खऱ्याचं बोट धरलं आणि ते बोट तिच्याकडेच वळलं. मी भिंतीवर होतो. आठ दिवे लुकलुकत होते. मला ओरडून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, अरे, तिसराही एक आहे, तो मी आहे. मी रोज एक वाजता सगळ्या जगाला सांगतो.

त्या दिवशी चार वाजता, चहाच्या वेळी, सगळे कामगार अंगणात बशा घेऊन बसले असताना जसमतभाईने तिला उभं केलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, या मुलीला मी मुलीसारखं वागवलं, तिने घरातलं बाहेर विकलं. उद्यापासून येऊ नकोस. एवढंच. छपाईवाला, भट्टीवाला, माती ओढणारे, सगळ्यांनी ऐकलं. मोरबीत चहाच्या वेळी बोललेलं संध्याकाळपर्यंत वांकानेरला पोचतं.

ती आत आली. थेपल्यांचा डबा उचलला, चप्पल घातली. जाताना माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर तिला कुणी कामावर घेतलं नाही. चित्रवाल्या माणसाचं एकच भांडवल असतं, नाव. ती दोन-तीन कारखान्यांत गेली, तिथे तिला पाणी दिलं आणि परत पाठवलं. हे मला खोलीत झाडू मारणाऱ्या जीवीबेनमुळे कळलं. ती कामं करताना बोलत राहते, आणि भिंतीवरचा डबा ऐकतोय हे तिच्या ध्यानात नसतं.

दक्षाच्या जागी राजकोटचा एक पोक्त माणूस आला. त्याचं काम बरं होतं, दक्षाएवढं नाही. मग गोकुळाष्टमीच्या, सातम-आठमच्या सुट्ट्या आल्या. वर्षातून तेव्हाच मोरबीच्या भट्ट्या थंड होतात. सगळे जत्रेला जातात, आणि मागे मिस्त्री लोक भट्टीच्या पोटात शिरून दुरुस्त्या करतात. जसमतभाईच्या म्हातारीचे डावे बर्नर बदलले. सुट्टी संपून भट्टी पेटवली तर डावी बाजू झाली झकास, पण आता उजवी कड फिकी यायला लागली. म्हातारं माणूस असतं तसंच. एक गुडघा बरा केला की दुसरा बोलतो. नव्या माणसाने चित्रात उजवी कड गडद करायला सुरुवात केली.

त्याने एक चित्र केलं, पिवळसर दगड, त्यात तांबूस शिरा. अजून एकही टाइल निघाली नव्हती. दुपारी एक वाजता ते चित्र माझ्यातून कोठारात गेलं. उघडं.

दसऱ्याच्या सुमारास कांतीने नवं घर बांधलं. वास्तूला भाऊ जाणारच. जसमतभाई धुतलेले कपडे घालून गेला, जाताना माझ्यासमोर उभं राहून उगाच हसला, धाकट्याचं घर म्हणाला, बापा असते तर.

परत आला तो उन्हं असतानाच. काखेत टाइल होती, उपरण्यात गुंडाळलेली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याने ती माझ्या खालच्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसला. मग नव्या माणसाला बोलावून विचारलं, हे चित्र तुझं का? तो म्हणाला, माझंच, पण शेठ, आपण तर हे अजून भाजलंच नाही. हे कुठून?

पिवळसर दगड. तांबूस शिरा. आणि उजवी कड गडद.

कांतीच्या नव्या घरात पंगतीला जमिनीवर बसताना जसमतभाईने ते बघितलं होतं. ताट समोर, लापशी वाढलेली, आणि ताटाखाली रांगेने त्याचंच चित्र, प्रत्येक टाइलची उजवी कड गडद. त्याने लापशीला हात लावला नाही, पोट ठीक नाही म्हणाला, आणि परसातल्या उरलेल्या ढिगातून एक टाइल उचलून आणली.

उजव्या कडेचं दुखणं सुट्टीनंतरचं होतं. दक्षा सुट्टीच्या आधी गेली होती. एवढा हिशेब जसमतभाईला कागदाशिवाय येत होता. त्याने मान वर केली आणि निळ्या तारेकडे बघितलं. भिंतीच्या भोकापर्यंत बघितलं. मी आयुष्यात कुणाचा चेहरा असा पडताना पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कांतीला बोलावलं. तो आला, नेहमीसारखा, हातात पेढ्यांचा पुडा. टाइल बघितली. मला वाटलं नाकारेल. नाकारलं असतं तर मला कमी लागलं असतं.

कांती खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मोटाभाई, मी भिंत फोडली का? कुलूप तोडलं का? तुमचं रोज दुपारी माझ्या घरात येत होतं. मी न मागता येत होतं. माझ्या माणसाने एक दिवस भांडं खाली धरलं."

जसमतभाई म्हणाला, "त्या मुलीला मी काढलं, कांती."

"ते तुम्ही केलंत. मला विचारलं असतं तर नका काढू म्हणालो असतो." मग माझ्याकडे हात केला. "विहीर सामाईक होती तेव्हा बापा काकांना पाण्याचा हिशेब विचारत होते?"

काखेत धरून आणलं होतं त्याने मला. दर दिवाळीला उजवीकडे बोट लावायचा. ते कुंकू त्या दिवशीही माझ्या अंगावर होतं, वाळलेलं. आणि तो मला विहीर म्हणाला. म्हणजे बदलू नका, चालतंय तोवर चालू द्या, हा निरोप त्याने धाडला तेव्हाच, नुसती वाळू येत होती तेव्हापासूनच, त्याचं भांडं खाली धरलेलं असणार. बापाची रीत त्याच्या तोंडात होती आणि कान माझ्या भोकाला.

पेढे टेबलावर राहिले. कांती गेला.

आता ऐका, थोरल्याने काय केलं. मला वाटलं होतं, चार वाजता अंगणात उभा राहील आणि ज्यांच्यासमोर मुलीला चोर म्हटलं त्यांच्यासमोर भावाचं नाव घेईल. चार वाजले. बशा आल्या. तो उभा राहिला. म्हणाला, दक्षाची चूक नव्हती. आपला डबा खराब निघाला. डब्यातून सगळं बाहेर जात होतं.

डबा खराब निघाला! चौदा वर्षं मी एक दिवस बंद पडलो नाही. धूळ खाल्ली, भट्टीची धग खाल्ली, पालीने माझ्यावर अंडी घातली, तरी एकही निरोप गाळला नाही. ज्यासाठी घडवलं तेच केलं. ज्याने कान लावला तो भाऊ राहिला, ज्याने कुलूप काढलं तो शेठ राहिला, आणि खराब कोण तर मी. माणसांना दोष द्यायला नेहमी असं काहीतरी लागतं ज्याला तोंड नाही.

त्याने स्वतः माझ्या तारा उपटल्या. सात निघाल्या. निळी निघेना. झटका दिला तेव्हा तिचं पारदर्शक टोक तुटून माझ्या आठव्या भोकातच राहिलं. मला फुटक्या टाइलांच्या टोपलीत टाकलं. भिंतीतल्या भोकात सिमेंट भरलं.

दक्षाला निरोप गेला. ती आली, तिसऱ्या दिवशी, त्याच बसने. जसमतभाईने खुर्ची दिली, चहा मागवला, पगार वाढवून सांगितला. म्हणाला, गैरसमज झाला बेटा, डबा खराब होता, सगळ्यांसमोर सांगितलं आहे मी.

ती टोपलीपाशी वाकली. मला उचललं, ओढणीने धूळ पुसली. कुंकू मात्र पुसलं नाही. मला उलटं करून आठव्या भोकात अडकलेलं ते टोक बघितलं.

म्हणाली, "काका, डबा आला तसाच होता. कुलूप मी लावलं होतं, तुम्ही काढायला लावलं. निळी तार कुठे जाते मी विचारलं होतं. तुम्ही घरचीच म्हणालात."

"भावाचं नाव मला घेता येत नाही, बेटा. मरेन पण घेता येणार नाही."

"माझं घेतलंत की. चहाच्या वेळी."

चहा आला, ती प्यायली नाही. मला पिशवीत टाकलं आणि निघाली.

आता मी तिच्या खेड्यातल्या घरी आहे, वरच्या खोलीत. तिने स्वतःचं काम सुरू केलं आहे, दोन कॉम्प्युटर आणि एक छोटं कोठार. लांबच्या लोकांची कामं येतात. मोरबीची येत नाहीत. तिथे अजून कुणी विचारलं तर लोक म्हणतात, तीच ना ती, चोरीवाली? नाही नाही, डबा खराब होता म्हणे. त्या 'म्हणे'त तिचं नाव अडकून पडलं आहे, आणि ते काढणारा एकच माणूस भिंतीच्या अलीकडे बसून भावाची इभ्रत राखतोय.

दुपारी ती कुलूप लावून चित्रं उतरवते. दोन कॉम्प्युटर आहेत तरी लावते, खोलीत ती एकटीच असते तरी लावते. तेवढ्या वेळात खाली जाऊन आईला भाकऱ्या थापू लागते. पूर्ण व्हायला लागेल तेवढा वेळ लागू दे म्हणते. मी तारांत नाही. मला तिने कागदांवर ठेवलं आहे, खिडकीतून वारा येतो म्हणून.

मला नव्या घरात वीज नको, दिवे नकोत. एकच मागणं आहे, आणि ते ज्यांच्या घरात सामाईक तार आहे त्या सगळ्यांकडे. दाराला लावता ते कुलूप घरातही लावा. भावाला राग येईल म्हणून लाजू नका. भावाच्या मनात काळं नसेल तर त्याच्या हाती वाळू जाईल, त्याचं काही बिघडत नाही. आणि असेल, तर निदान मला तुमचा विश्वासघात करायला लावू नका. मला गप्प बसता येत नाही. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

माझ्या डाव्या अंगाचं कुंकू आता उडालं. उजवीकडचं अजून आहे. आणि आठव्या भोकात कांतीच्या तारेचं ते तुटकं टोक आहे. दक्षाने सुईने काढून बघितलं, चिमट्याने बघितलं. निघत नाही.